सुगडांचा प्रयोग : आठवीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून आठवीचे आठवड्यातले दोन तास, सोमवारचा आणि गुरुवारचा, या प्रकल्पासाठी राखून ठेवले. मुलांनी एक साधा प्रयोग स्वतः आखायचा, स्वतः करायचा आणि त्यातून जे उत्तर निघेल ते मान्य करायचं, एवढंच काम. शाळा माण तालुक्यातली, हवा कोरडी, प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं आणि एक लांब टेबल. तेवढ्यावर हे काम भागतं.

सुरुवात प्रयोगवहीपासून केली. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. सगळ्यांच्या वह्या नेटक्या, आकृत्या टोकदार पेन्सिलीनं काढलेल्या. मी विचारलं, "निष्कर्ष कधी लिहिता?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं सरळ सांगितलं, "आदल्या दिवशी, बाई. गाईडमध्ये असतो." वर्ग हसला, पण ती खरं तेच बोलली. लिटमस निळा होणार हे आदल्या दिवशीच लिहून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी कागदाकडे बघायला कोण जातंय?

पुस्तकातल्या कृती करायला हव्यातच. हात बसतो, साहित्य ओळखीचं होतं. पण त्यात किती पाणी घ्यायचं, किती वेळ थांबायचं, कशाची कशाशी तुलना करायची, हे सगळे निर्णय आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेले असतात. मला मुलांना नेमके तेच निर्णय घ्यायला लावायचे आहेत.

घरचा अभ्यास: प्रत्येकानं एक प्रश्न आणायचा. वर्गात कुणालाच नक्की उत्तर माहीत नसलेला, आणि आपल्या हातांनी तपासता येईल असा.

९ जानेवारी, गुरुवार

प्रश्नांनी फळा भरला. कृष्णविवरात काय असतं? लेंडीखतानं मेथी लवकर उगवते का? मोबाइल उशाशी ठेवला की झोप कमी लागते का? थंडीत मटकीला मोड उशिरा का येतात? पौर्णिमेला विंचू जास्त निघतात का? माठातलं पाणी गार का होतं?

प्रत्येक प्रश्नाला दोन उपप्रश्न विचारत गेले. हे तपासायला तू हातानं नक्की काय करशील? आणि काय दिसलं तर तू म्हणशील की माझं म्हणणं चुकलं? दुसऱ्या उपप्रश्नाला बरेच जण अडखळले. आपलं चुकलं हे कशावरून कळेल, असा विचार करायची सवयच नाही. कृष्णविवर पहिल्याच उपप्रश्नाला गळलं, विंचू मी गाळला.

माठाचा प्रश्न निवडला, कारण त्यावर वर्ग सरळ दुभंगला. अर्धी मुलं म्हणाली, "माती मुळातच थंड असते." बाकीची म्हणाली, "पाणी पाझरतं म्हणून गार होतं." पुस्तकात बाष्पीभवनाचं वाक्य आहे आणि ते अनेकांना पाठही आहे, पण पाठ असणारेही माती थंड असते यावर ठाम होते. एकाच्याच डोक्यात दोन्ही कारणं सुखानं नांदत होती. अशा जागी प्रयोग खरोखर लागतो.

"का" ने सुरू होणारा प्रश्न मात्र तसाच्या तसा तपासता येत नाही. तो "अमुक बदललं तर तमुक किती बदलतं" या साच्यात बसवावा लागतो. पुढच्या तासाला तेच करायचं.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. निम्मा वर्ग घरी. कुंभारवाड्यातल्या मुलाकडे चौकशी केली, संक्रांतीनंतर सुगडं उरतात का? "ढिगानं," म्हणाला. माठ महाग आणि आकारानं वेगवेगळे. सुगडं लहान, स्वस्त, एकाच चाकावरची आणि एकाच आव्यातली. एका टेबलावर बारा मावतील.

१६ जानेवारी, गुरुवार

सुगडं आली. सगळी लाल, एका हाताची, पण ओळीत मांडल्यावर वेगळी दिसायला लागली. एकाचा काठ जाड, एकाचं बूड तिरकं, एकावर बोटाचा ठसा तसाच भाजला गेलेला. मुलांनी मोजनळीनं पाणी ओतून बघितलं, कशात किती मावतं. काठोकाठ भरली तर कुणात २९० मिलिलिटर, कुणात ३४०. म्हणून सगळ्यांत २५० च घालायचं ठरलं.

नवं सुगड कोरडं असताना पाणी पितं. आत बुडबुडे येतात, तडतड असा बारीक आवाज होतो, आणि बाहेरून तळापासून वर गडद रंग चढत जातो. मुलं कान लावून ऐकत होती. रात्रभर भिजवल्यावर दोन सुगडं ठिबकायला लागली. ती बाद करून उरलेली बारा ठेवली.

कुंभारवाड्यातल्या मुलाचे आजोबा सुगडं पोचवायला स्वतः आले होते. मातीत लीद आणि राख मिसळतात, भाजताना लीद जळून जाते आणि बारीक छिद्रं राहतात, हे त्यांनी हातात खापर घेऊन दाखवलं. मग म्हणाले, "लई भाजलं की पाणी गार करत न्हाय. कच्चं ऱ्हायलं तर पाण्यात विरघळतं." पहिल्या वाक्यावर मी मुलांना थांबवलं. माती तीच, भाजणं जास्त, आणि गारवा गेला. माती मुळातच थंड असते म्हणणाऱ्या गटाला हे अडचणीचं आहे. पण ही ऐकीव माहिती झाली, तपासलेली नाही. वहीत तशीच लिहून ठेवली: "आजोबांचा अनुभव. तपासायचं."

२० जानेवारी, सोमवार

फळ्यावर तीन रकाने: बदलायचं काय, मोजायचं काय, राखायचं काय.

पहिला आराखडा लगेच आला. सुगडात पाणी, स्टीलच्या तांब्यात पाणी, तीन तासांनी तापमान बघायचं. सगळ्यांना पटला. मी गप्प बसले. बऱ्याच वेळानं खिडकीजवळची एक मुलगी उठली. "बाई, स्टील आणि सुगड यांत एकच गोष्ट कुठं वेगळी आहे? तांब्या पातळ, सुगड जाड. तांब्या चकचकीत. तोंड लहानमोठं. पाझरणंसुद्धा वेगळं. सुगडातलं पाणी गार झालं तर कशामुळे झालं ते कसं सांगणार?"

या एका आक्षेपावर अख्खा तास गेला, आणि तो असाच जायला हवा होता. 'चल' (बदलणारी गोष्ट), 'नियंत्रित चल' (मुद्दाम एकसारखी राखलेली गोष्ट) हे शब्द मी अजून वापरलेले नाहीत. आधी मुलांना अडचण भिडायला हवी, मग शब्द आपोआप चिकटतो.

मग पुढचा पेच. माती तीच ठेवायची आणि फक्त पाझरणं थांबवायचं, कसं? मेण लावू, प्लास्टिक गुंडाळू, तेल चोपडू, अशा सूचना आल्या. दाराला ऑइलपेंट देणाऱ्या रंगाऱ्याच्या मुलानं सांगितलं, "बाहेरून दोन हात रंग द्या. पाणी बाहेर येणारच नाही." लगेच कुणीतरी: "मग रंगामुळेच फरक पडला तर?" म्हणून रंग विटकरी घ्यायचा, सुगडासारखाच, आणि सगळी सुगडं सावलीत ठेवायची. तोंडावरून बाष्पीभवन होऊ नये म्हणून प्लास्टिकचा कागद आणि रबर, बाराही सुगडांना.

आता दोन्ही गटांचं भाकीत वेगळं झालं. माती थंड असते हे खरं असेल, तर रंगवलेलं सुगडही गार करणार. पाझरण्यामुळे गार होत असेल, तर रंगवलेलं गार करणार नाही. एकाच मांडणीत दोन म्हणण्यांपैकी एकाला हरावं लागेल, अशी जुळणी वर्गानं स्वतः केली. मी फक्त खडू धरला होता.

२३ जानेवारी, गुरुवार

कपाटातले सगळे तापमापी काढले आणि पाण्याच्या एकाच बादलीत सोडले. दहा मिनिटं ढवळत थांबलो. सगळ्यात कमी २३ अंश, सगळ्यात जास्त २५. बादली एक, पाणी एक.

मुलं चक्रावली. "खरा कुठला, बाई?" बर्फ आणला. चुरलेल्या, वितळत्या बर्फात शून्य दाखवायला हवं. दोघांनीच शून्याच्या रेषेला हात लावला, एक तर दीड अंश वर थांबला. निर्णय झाला: शून्य दाखवणाऱ्यांपैकी एकच तापमापी सगळ्या सुगडांत फिरवायचा.

वाचण्याच्या रीतीवरही काम केलं. डोळा पाऱ्याच्या (आपल्या तापमाप्यांत लाल रंगाच्या अल्कोहोलच्या) पातळीत हवा. वरून पाहिलं की आकडा बदलतो. तापमापी पाण्याबाहेर काढून वाचायचा नाही. एक मुलगा सवयीनं तो झटकत होता, तापाच्या थर्मामीटरसारखा.

३० जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

रंग अजून कुठल्याच सुगडाला दिलेला नाही. बाराही सुगडं साधी, भिजवलेली, एकाच पिंपातलं २५० मिलिलिटर पाणी, सकाळी ११ ला २४ अंश. तीन तासांनी वाचन. मुलांचा प्रश्न रास्त होता: "सगळी सारखीच आहेत, मग मोजायचं काय?" मी म्हटलं, तेच मोजायचं. सारखं विरुद्ध सारखं.

दुपारी २ ला वर्गातली हवा ३० अंश. सुगडं: सगळ्यात गार २०, सगळ्यात कोमट २२.५. मधली सगळीकडे विखुरलेली. आम्ही काहीही बदललेलं नव्हतं, तरी अडीच अंशांचा फरक.

समजा, आज आम्ही नुसतं एक साधं आणि एक रंगवलेलं सुगड घेतलं असतं आणि दोन अंशांचा फरक मिळाला असता. अख्ख्या वर्गानं तो रंगाच्या खात्यावर मांडला असता. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत मांडलेल्या कितीतरी तक्त्यांवर एक कुंडी संगीत ऐकणारी आणि एक न ऐकणारी असते, आणि निष्कर्ष ठळक अक्षरात असतो. दोन कुंड्या मुळातच सारख्या वाढतात का, हे कुणी बघितलेलं नसतं. तुलना करण्याआधी सारख्याची सारख्याशी तुलना, ही पायरी पुस्तकातल्या आराखड्यात नाही. मला ती साहित्य आणि कृती यांच्या मधोमध छापलेली हवी आहे.

वर्गानं वहीत चौकट केली: "आपल्या मांडणीत काही न बदलता २.५ अंश फरक पडतो. यापेक्षा बराच मोठा फरक दिसला तरच बोलायचं."

३ फेब्रुवारी, सोमवार

अडीच अंश आले कुठून, याचा शोध. मुलांनी आकडे टेबलावरच्या जागेनुसार लिहिले आणि चित्र उघडं पडलं. खिडकीकडची चार सुगडं गार, भिंतीकडची कोमट. खिडकीतून झुळूक येते. म्हणजे जागाही गार करते.

मग रंगवलेली सगळी एका बाजूला ठेवली तर? "चालणार नाही," चारपाच आवाज एकदम. एकानं आड एक मांडायचं सुचवलं. चांगलं आहे, पण कुठलं सुगड रंगवायचं हेही ठरवायचंय. जाड काठाची सगळी आपण नकळत रंगवली तर? शेवटी चिठ्ठ्या. एक ते बारा आकडे डब्यात, पहिले सहा निघतील ती रंगवायची. जागाही चिठ्ठीनं.

चिठ्ठ्यांचा मुद्दा शेतावरून लगेच पोचला. रानाचा एक कोपरा जात्याच कसदार असतो, नवीन बियाणं नेमकं तिथं पेरलं तर बियाण्याचं कौतुक कोपऱ्यामुळे होईल, हे माणच्या मुलांना सांगावं लागत नाही. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांना १९२० च्या दशकात हाच प्रश्न पडला होता, आणि कुठल्या वाफ्यात काय पेरायचं ते नशिबावर सोडावं, ही रीत त्यांनी पक्की केली, एवढं सांगितलं.

सुगडं उन्हात वाळायला ठेवली. ओल्या मातीवर रंग धरत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रंगाचा पहिला हात मंगळवारी दिला, दुसरा आज. वास जाईपर्यंत थांबायचंय, तेवढ्यात एक जुनी गोष्ट.

१७४७ साल, ब्रिटिश आरमाराचं सॅलिसबरी जहाज. डॉक्टर जेम्स लिंड. खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त येतंय, अंगातलं त्राण गेलंय. स्कर्व्ही. लिंडनं बारा रोगी निवडले, होता होईल तो सारख्या अवस्थेतले. एकाच जागी ठेवले, रोजचं जेवण एकच. मग दोन दोनच्या सहा जोड्या, आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय: सफरचंदाची आंबवलेली दारू, पाण्यात घातलेलं सौम्य गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, लसूण-मोहरी वगैरेंचा लगदा, आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. फळं सहा दिवसांतच संपली. तोवर त्या जोडीतला एक जण कामावर परतण्याइतका बरा झाला होता.

गोष्ट इथं थांबवून तीन रकाने भरायला सांगितले. बदललं काय, मोजलं काय, राखलं काय. सगळ्यांना जमलं. खरी गंमत पुढे आली. "दोनच माणसं का? एखादा आपणहून बरा झाला असेल तर?" "बारा जण सारखेच आजारी होते हे कशावरून?" "चिठ्ठ्या टाकल्या होत्या का?" पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरला वर्गानं फैलावर घेतलं. त्याच वेळी एक मुलगी म्हणाली की दोन माणसं असली तरी फरक एवढा मोठा होता की दिसलाच. दोन्ही बाजू मला हव्या होत्या.

लिंडनं ग्रंथ छापला १७५३ मध्ये. आरमारात लिंबाचा रस सरसकट सुरू झाला १७९५ मध्ये. चाळीसहून जास्त वर्षं. यावर वर्ग गप्प झाला, मीही काही जोडलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज फक्त भाकीत. प्रत्येकानं वहीत तारीख घालून लिहायचं: साध्या सुगडात दुपारी २ ला अंदाजे किती अंश, रंगवलेल्यात किती, आणि का. शाईनं. नंतर खाडाखोड नाही.

भाकिताला गुण नाहीत, हे दोनदा सांगावं लागलं. तरी एकानं दोन्ही बाजूंनी सुरक्षित वाक्य लिहिलं: "फरक पडेल किंवा पडणार नाही." त्याला शेजारणीनंच वही परत दिली, "हे कधी चुकणारच नाही, मग लिहून उपयोग काय?"

सुगडं आज संध्याकाळपासून पाण्यात, बुधवारपर्यंत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रयोग झाला.

किराणा दुकानातला डिजिटल काटा एका दिवसासाठी मिळाला. भरलेलं, पुसलेलं, तोंड बांधलेलं प्रत्येक सुगड सुरुवातीला आणि शेवटी तोललं. सुगडांना फक्त क्रमांक. वाचणाऱ्यानं आकडा सांगायचा, लिहिणाऱ्यानं सुगडांकडे पाठ फिरवून बसायचं, म्हणजे कुठलं सुगड आहे ते त्याला दिसत नाही. ही सूचना एका मुलाची. "आपल्याला हवा तो अर्धा अंश हात आपोआप लिहितो," असं त्याचं म्हणणं.

दुपारी २. हवा ३०. सहा साधी सुगडं २०.५ ते २२.५ च्या आत. सहा रंगवलेली २७.५ ते २९. रंगवलेल्यांतलं सगळ्यात गार सुगडसुद्धा साध्यांतल्या सगळ्यात कोमट सुगडापेक्षा पाच अंशांनी वर. चौकटीतले अडीच अंश मुलांनी न सांगता शेजारी लिहिले.

वजन: साध्या सुगडांतून ८ ते ११ ग्रॅम पाणी उडून गेलेलं. रंगवलेल्यांतून जेमतेम १.

माती थंड असते गटातला सगळ्यात हट्टी मुलगा रंगवलेल्या सुगडाला तळहात लावून बराच वेळ उभा होता. मग त्यानं आपल्या भाकिताखाली लिहिलं, "असं झालं नाही." एवढंच. मी त्यावर बरोबरची खूण केली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आकडेमोडीचा तास. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला या तापमानाला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. २५० ग्रॅम पाणी एक अंशानं थंड करायला २५० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे एक ग्रॅम उडालं की सुगडातलं पाणी जवळपास २.३ अंशांनी उतरायला हवं. उडालं ९ ग्रॅम. जवळपास २१ अंशांनी उतरायला हवं होतं, म्हणजे २४ वरून ३ वर! उतरलं फक्त तीन अंश.

वर्ग एकदम जागा झाला. काटा चुकला का? ५८० चुकलं का? पंधरा मिनिटं वाद. मग मागून कुणीतरी: "बाई, वर्गात तर ३० अंश आहे. सुगड थंड झालं की बाहेरची उष्णता आत येतच राहणार ना?" बरोबर. एका बाजूनं वाफ उष्णता नेते, दुसऱ्या बाजूनं खोली आत ढकलते. सुगड जितकं थंड तितकं खोलीचं ढकलणं जोरात, आणि कुठेतरी दोन्ही सारखे होतात. रंगवलेलं सुगड तर या तीन तासांत चारेक अंश चढलं होतं, ते त्याच ढकलण्यानं. तीन आणि चार मिळून सात अंशांचा फरक, आणि वर तीन तास चाललेली ओढाताण. नऊ ग्रॅम त्यात खर्ची पडले.

तापमापीच्या फुग्याला ओलं सूत गुंडाळून वहीनं वारा घातला. १९ अंशांच्या आसपास येऊन थांबला, काही केल्या खाली जाईना. आजच्या हवेत नुसत्या बाष्पीभवनानं एवढंच गार होता येतं. कोकणात दमट हवेमुळे माठ फारसा गार करत नाही, याचं उत्तर त्या सुतात आहे. अलिबागला मामाकडे जाणाऱ्या मुलीनं मान डोलावली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुसरा प्रश्न मुलांनीच पुढे आणला. घरोघर माठाला ओलं फडकं गुंडाळतात. त्यानं पाणी आणखी गार होतं का?

आखणी आता झरझर झाली. साधी सहा सुगडं. चिठ्ठीनं तिघांना गुरुवारी फडकं, उरलेल्या तिघांना आज. म्हणजे प्रत्येक सुगडाची तुलना स्वतःशीच, जाड काठाचा प्रश्नच मिटला. फडकं वाळलं तर पुन्हा भिजवायचं, पण पिंपातल्याच पाण्यानं.

निकाल: चार सुगडांत फडक्यानं अर्धा ते एक अंश जास्त गार. दोन सुगडांत उलटं, अर्धा अंश कोमट.

"सहापैकी चार, म्हणजे फडकं जिंकलं," एक गट. मी सहा नाणी वाटली. सहाही एकदम उडवायची, छापे मोजायचे, चार किंवा जास्त आले की खूण. सगळ्या गटांच्या खुणा फळ्यावर मांडल्या तर साधारण तीन खेळींत एकदा चार किंवा जास्त छापे येत होते. मग शक्यता मोजल्या: एकूण ६४, त्यांत चार किंवा जास्त छाप्यांच्या २२. नाण्याला कुणी फडकं गुंडाळलेलं नाही, तरी इतक्या वेळा तेच येतं.

निष्कर्षाच्या रकान्यात वर्गानं लिहिलं: "फडक्यानं जास्त गार होतं की नाही, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही." काही जण खट्टू झाले. मला हे वाक्य वर्षभरात मुलांच्या वहीत वाचलेल्या सगळ्या वाक्यांपेक्षा मोलाचं वाटतं. "फडक्याचा उपयोग नाही" असं लिहू पाहणाऱ्याला त्याच्याच गटानं अडवलं, कारण तेही सिद्ध झालेलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. बोर्डाच्या पेपरांमुळे कार्यक्रम सकाळी आटोपता. तक्त्यावर दोन्ही प्रयोग मांडले. फडक्याचा तक्ता काढून टाका, निकाल नसलेलं काय दाखवायचं, असं एका सहकाऱ्यांचं मत पडलं. आग्रहानं ठेवला, आणि पाहुण्यांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच तक्त्यावर विचारले.

भाषणाऐवजी रामन यांनी काय काय तपासलं ते मुलांनी सांगितलं. १९२८ मध्ये कोलकात्यात द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात वेगळ्या रंगाचा क्षीण अंश दिसला. तो द्रवातल्या मळामुळे येणारी साधी प्रतिदीप्ती (प्रकाश शोषून वेगळ्या रंगात परत सोडणं) असू शकत होता. म्हणून द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करून पाहिले, आणि एकदोन द्रवांवर न थांबता साठेक द्रव तपासले. प्रत्येकात तेच दिसलं. सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "एकात दिसलं होतं, मग साठ कशाला?" उत्तर आठवीच्या मुलीनं दिलं. बारा सुगडं दाखवून.

६ मार्च, गुरुवार

फडक्याचा प्रश्न एका मुलीची पाठ सोडेना. तिचा तर्क असा: सुगड आधीच सगळ्या अंगानं ओलं असतं, फडकं त्यात भर काय घालणार? पण जे पाझरत नाही त्याला फडकं गुंडाळलं तर मोठा फरक पडायला हवा. स्टीलचे सहा पेले, तिघांना ओलं सुती फडकं, तिघे उघडे, पुढच्या दिवशी अदलाबदल. मला आखणीत एक शब्द बदलावा लागला नाही.

फडक्यातले पेले सगळे २२ ते २३. उघडे सगळे २९ च्या वर. सहापैकी सहा.

म्हणजे माती नसतानाही पाणी जवळजवळ सुगडाइतकं गार झालं. जानेवारीत बाजूला ठेवलेली स्टीलची तुलना आता कामी आली, कारण आता त्यात एकच गोष्ट बदलत होती.

१० मार्च, सोमवार

वार्षिक परीक्षेची तयारी सुरू, त्यामुळे प्रकल्प इथं थांबवतेय. सुगडं वाळवून, क्रमांकासह, कपाटाच्या खालच्या खणात. तापमापीवर चिठ्ठी: "हाच वापरा, शून्य तपासलेला."

एक प्रयोग जुलैवर ठेवला. पावसाळी हवेत साध्या आणि रंगवलेल्या सुगडातला सात अंशांचा फरक किती उरेल? भाकितं आजच शाईनं लिहून घेतली. बहुतेकांनी दोन ते चार अंश लिहिलं, दोघांनी शून्य, कुंभारवाड्यातल्या मुलानं "पाऊस पडेल त्या दिवशी वेगळा, उघडीप असेल त्या दिवशी वेगळा" असं लिहून दोन आकडे दिले.

भाकितांचं पाकीट बंद करताना प्रश्न आला, फरक दोनच अंश निघाला तर तो खरा धरायचा का, आपल्या चौकटीत तर अडीच लिहिलंय. थोडी चर्चा झाली. अडीच हा आकडा जानेवारीतल्या कोरड्या हवेतला आहे, पावसाळ्यातला नाही, शिवाय तेव्हा सुगडांच्या जागा चिठ्ठीनं ठरवलेल्या नव्हत्या. ठरलं असं: जुलैत रंगवलेल्यांना हात लावायच्या आधी सहा साधी सुगडं घेऊन सारखं विरुद्ध सारखं पुन्हा करायचं आणि चौकटीतला आकडा नव्यानं लिहायचा. वही नववीत सोबत न्यायची जबाबदारी खिडकीजवळच्या मुलीनं घेतली आहे.